गुंजीला द्यायचं पिल्लू

तुम्हा दोघांचं पत्र काल मिळालं. पिल्लानं नव्या सोफ्याचा पाय कुरतडला, बाबांचा बूट फाडला आणि आई त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीनं मारते, असं तुम्ही लिहिलंत. शेवटी विचारलंत की आजी, तुमच्या वेळी कुत्री असं करायची का, आणि तेव्हा लोक काय करायचे.

आधी उत्तर देते, कारण पिल्लाचे दात माझ्या आठवणी संपायची वाट पाहणार नाहीत. त्याला मारू नका. जुन्या कापडाची घट्ट गाठ बांधा, गार पाण्यात भिजवा आणि ती चघळायला द्या. तुमच्या आवडीचं जे काही हातभर उंचीच्या खाली असेल ते वर ठेवा. रोज सकाळी एकदा त्याचं तोंड उघडून पाहा. सातव्या महिन्यापर्यंत सगळं आटोपतं. आणि ते जेवेनासं झालं, अंग गरम लागलं, तर कुणी कितीही म्हणो की दात येताहेत, तुम्ही डॉक्टरकडे न्या. हे शेवटचं वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

यातलं काहीही मी पुस्तकात वाचलेलं नाही. ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याविषयी तुमच्या आजोबांनाही मी अर्धंच सांगितलं होतं. आता तुम्ही विचारलंच आहे, आणि पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तेव्हा राहिलेलं अर्धं आत्ताच नीट अक्षरात लिहिलेलं बरं.

मी तेव्हा खानापूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून दोन-अडीच वर्षं होती. आमचं घर निपाणीचं, जैनांचं, तंबाखूच्या व्यापारातलं. घरात आजीशी कानडी बोलायचं आणि वडिलांशी मराठी. वडिलांनी मला बेळगावला ठेवून इंग्रजी शिकवलं होतं. त्यामुळे मला नोकरी लागली, पण एकटी मुलगी परगावी कशी राहणार म्हणून माझी विधवा आत्या सोबत आली. स्टेशनच्या वाटेवर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरात पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मागच्या बाजूला ते एकटे राहत. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणे, मीही तेवढंच लिहिते.

आण्णा मूळचे जांबोटीकडच्या रानातले. सगळी नोकरी त्यांनी लाकडाच्या डेपोत केली. आलेला ओंडका पारखायचा आणि त्यावर शिक्क्याचा हातोडा मारायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी हात थांबला नव्हता. कुठल्याही लाकडी वस्तूजवळून जाताना ते बोटांच्या गाठींनी तिच्यावर दोनदा ठोकत आणि निकाल देत. आमचं सामान गाडीतून उतरलं, तेव्हा "या, बसा" म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावर ठोकलं.

"किंदळ हाय," ते म्हणाले. "सागवान म्हणून गळ्यात मारलं असंल तुमच्या वडलास्नी."

वडिलांनी ते सागवान म्हणूनच घेतलं होतं. आत्या मला कानडीत म्हणाली, ह्या माणसाच्या फार तोंडी लागू नकोस. आण्णा शांतपणे पुढच्या खुर्चीवर ठोकत राहिले. त्यांना कानडी येत नाही, हे आम्हाला असं पहिल्याच दिवशी कळलं. पुढे आम्ही त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी खुशाल कानडीत बोलायचो, आणि ते सुपारी कातरत बसायचे. त्या भागात हे नवलच होतं, बाजारात फिरलं तरी चार शब्द कानावर येतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आमच्या रानातल्या झाडास्नी मराठीच कळतंय, बाई. मला आणि कुणासंगट बोलायचं व्हतं?"

एकदा शाळा तपासायला साहेब आले होते. आण्णा काही निरोप द्यायला शाळेत आले आणि साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर ठोकून म्हणाले, "सायेब, वाळवी हाय आत. बसू नगासा." साहेब बसले नाहीत. सगळी तपासणी उभ्यानं झाली आणि त्यामुळे लवकर झाली. मुख्याध्यापिका बाई त्यानंतर आण्णांना बघितलं की खुर्ची पुढे करत.

आम्ही राहायला आल्यावर वर्षभरानं, दिवाळीच्या आधी, आण्णांनी डेपोतल्या कुत्रीचं एक पिल्लू आणलं. तांबूस रंगाचं, तोंड काळं, दोन महिन्यांचं. त्यांनी ते पडवीत ठेवलं आणि आम्हाला बजावलं, "हे आपलं न्हाय. गुंजीला द्यायचं हाय. दात पडून नवं आलं की द्यायचं. तवर जरा सोसा."

नाव काय, असं मी विचारलं. "ज्याचं कुत्रं तो नाव ठेवंल," ते म्हणाले, आणि पिल्लाला शेवटपर्यंत पिल्लूच म्हणत राहिले.

गुंजी हे रेल्वेवरचं जवळचं गाव. तिथं कोण आहे हे आत्यानं दोन दिवसांत विहिरीवरून काढून आणलं. गुंजीला आण्णांची बायको होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती घर सोडून भावाकडे गेली होती. भाऊ रेल्वेत रूळ बघायच्या कामावर होता. तो वारल्यावरही ती तिथंच, रानाच्या कडेला, कोंबड्या आणि दोन म्हशी घेऊन राहिली. आण्णा दर सणाला तिला काहीतरी पाठवत. लुगडं, तांदूळ, एकदा छत्री. सगळं त्याच दिवशीच्या परतीच्या गाडीनं गार्डाबरोबर माघारी येई. ती न उघडलेली छत्री आण्णांच्या खोलीत खुंटीला होती. यंदा कुणीतरी येऊन सांगितलं होतं की कोल्ह्यानं तिच्या कोंबड्या नेल्या आणि ती म्हणाली, एक कुत्रं असतं तर बरं झालं असतं. बावीस वर्षांत तिला काहीतरी हवं आहे, असं आण्णांच्या कानावर पहिल्यांदाच आलं होतं.

"पण घरातलं काय चावलं, फाडलं, तर दुसऱ्या गाडीनं हे बी माघारी यील," ते मला म्हणाले. "म्हणून दात हितंच निस्तरायचं. तिच्याकडं जाताना शाणं होऊन गेलं पायजे."

आता पिल्लाला हाड द्यावं हे कुणीही सांगेल. पण घर घेताना आत्यानं अट घातली होती की ह्या छपराखाली हाड-मांस येणार नाही, आणि आण्णांनी ती पाळली. त्यामुळे ते लाकडाकडे वळले. आधी जुन्या धोतराची गाठ, विहिरीच्या गार पाण्यात बुडवलेली. दात हलायला लागले तसा पांगाऱ्याचा तुकडा, कारण पांगारा मऊ. नवे सुळे दिसल्यावर जांभळाचा. प्रत्येक तुकडा ते आधी काचेनं घासत, मग स्वतःच्या ओठांवरून फिरवून कुसळ लागतं का ते बघत. माझ्या वर्गातल्या मुलींना वाचनाची जशी एकामागून एक पुस्तकं असत, तशी त्या पिल्लाला लाकडं होती. तुम्ही मात्र लाकूड देऊ नका, तुमच्याकडे दुकानात रबराचं मिळतं.

घराची तऱ्हा काय सांगू. हातभर उंचीची एक काठी घेऊन ते फिरले आणि त्याखालचं सगळं वर गेलं. वहाणा खुंट्यांना, सुपं आढ्याला, दप्तर फळीवर. घरातून पुराचं पाणी जाऊन ओसरल्यासारखं दिसे.

"काय गं हे," आत्या म्हणे, "घर हाय का वखार?"

एवढं करूनही पिल्लानं आत्याच्या पोळपाटाचा एक पाय संपवला. आण्णांनी उरलेले दोन पाय ठोकून पाहिले. "आंब्याचं लाकूड. त्याला गोड लागलं असंल, आक्का."

"गोड लागलं म्हणं. माझी चपाती एकीकडं जाड अन् एकीकडं पातळ हुत्या त्याचं काय?"

"जाड बाजू मला देत जावा."

माझ्या इंग्रजी शब्दकोशाचा कोपरा गेला तेव्हा मात्र मला राग आवरला नाही. मी टेबलावरची आखणीची पट्टी घेतली आणि पिल्लाला मारली. आण्णा पडवीतून आले, माझ्या हातातून पट्टी काढून घेतली, तिच्यावर नखानं टिचकी मारली.

"शिसवी हाय," ते म्हणाले. "एवढ्याशा जिवाला शिसवी? चावतंय म्हंजे दुखतंय त्याला. दात येत्यात ह्यो त्याचा गुन्हा न्हाय, बाई."

त्यांनी पट्टी परत दिली नाही. फळीवर ठेवली, माझा हात पोचणार नाही इतक्या वर.

पिल्लू हाताला चावलं तर सोडवायची त्यांची रीत वेगळीच होती. हात ओढायचा नाही. हात तसाच ठेवायचा आणि अगदी खालच्या आवाजात म्हणायचं, "हलु." पिल्लानं दात सैल केले की कापडाची गाठ तोंडात द्यायची. शंभरदा, दोनशेदा, न रागावता. शेवटी असं झालं की "हलु" म्हटलं की पिल्लू तोंड उघडून खाली बसे.

मी भाषा शिकवणारी. मला राहवेना. "आण्णा, हलु नव्हे, हळू. ळ म्हणा."

"मला येतंय की ळ. पण शब्द ह्योच हाय. ती असंच म्हणायची."

"कोण?"

"गुंजीची. प्वार अंगावर पिताना चावायचं तिला. तवा म्हणायची, हलु. तिकडची कानडीवाली, कित्तूरकडची. तिला ळ जमायचा न्हाय."

मी मान डोलावली आणि वह्या तपासायला बसले. कानडीत ळ आहे. आमच्या घरात तो रोज शंभरदा उच्चारला जाई. हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं, आणि सुचलं नाही, कारण आपण एका माणसाचं शुद्धलेखन सुधारतो आहोत एवढ्याच गोष्टीत मी होते.

पिल्लू पाच महिन्यांचं असताना एका सकाळी ते जेवेना. अंग तापलं होतं. आत्या सहज म्हणाली, "दात येताना हुतंच असं. उद्या खेळंल."

आण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी पिल्लू टोपलीत घातलं, वर धोतर पांघरलं आणि गुरांच्या दवाखान्याकडे चालू लागले. मला भीती वाटली म्हणून मी मागोमाग गेले. डॉक्टर तालुक्याच्या फिरतीवर होते. आण्णा दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिले, पाणीसुद्धा प्याले नाहीत. डॉक्टर आले, हसले, पिल्लाचं तोंड उघडून म्हणाले, "आण्णा, दाढा यायला लागल्यात, दुसरं काय?"

"दात न्हवं."

"अहो, मी बघतोय की."

"दात न्हवं, सायेब. दुसरं काय हाय ते बघा. दात न्हवं म्हणून लिहून द्या मला."

डॉक्टर चिडले, पण त्या माणसाकडे बघून त्यांनी पुन्हा नीट तपासलं. पोटात जंत होते. औषध दिलं, तीन दिवसांत पिल्लू उभं राहिलं.

परत येताना वाटेत आण्णा माझ्याशी बोलले. एरवी ते लाकडांविषयी बोलत, त्या दिवशी मुलाविषयी. मुलगा आठ महिन्यांचा होता. असाच तापला. घरात आई, काकी, शेजारणी, सगळ्या म्हणाल्या, दात येत्यात. डेपोत त्या दिवशी मोठा साहेब यायचा होता. आण्णा निघाले, तर बायको उंबऱ्यात आली.

"दोन डाव म्हणाली. हलु, हलु. मी म्हटलं, व्हय, हळूच जातो. आन् गेलो. सायबाबरोबर तसाच रानात जावं लागलं. तिसऱ्या दिवशी आलतो, तवर सगळं झालतं."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "दिवस झाले तशी ती गुंजीला गेली. मी न्यायला गेलो तर दार लावून घेतलं. हळू जा म्हणून तीच म्हणाली मला. मग माझ्यावर एवढा राग कशाचा, हे मला आजपत्तोर कळलं न्हाय, बाई. इचारायचं धाडस झालं न्हाय."

मी त्यांचं सांत्वन केलं. गेलेल्या मुलाचं दुःख बाईला कुणावर तरी काढावं लागतं, असलं काहीतरी मी बोलले. मी तेवीस वर्षांची होते.

शिमग्यानंतर एके दिवशी आण्णांनी पिल्लाचं तोंड पडवीच्या उजेडात धरलं, सगळे दात बोटानं मोजले आणि जाहीर केलं, "झालं." रविवारच्या सकाळच्या गाडीनं आम्ही गुंजीला निघालो. मी हवी होते, कारण दारात ते स्वतः गेले तर दार लागेल, असा त्यांचा हिशेब. गाडीत पिल्लू बाकाखाली शांत झोपलं होतं. आण्णांनी त्या दिवशी बाकावर ठोकलं नाही.

गुंजीला उतरल्यावर ते स्टेशनबाहेरच्या आंब्याखाली थांबले. दोरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "माझं नाव आधी सांगू नगासा. आधी कुत्रं बघू दे."

घर कौलारू, लहान, अंगण सारवलेलं. बाई उंच होत्या, केस पांढरे, हात शेणानं भरलेले. मी मराठीत बोलायला लागले, पण दोन वाक्यांत माझा निपाणीचा सूर ओळखून त्या कानडीवर आल्या. मीही कानडीतच म्हणाले की कुत्रं आणलं आहे, कोल्ह्यांसाठी. त्यांनी हात धुतले आणि पिल्लाच्या पुढे बसल्या. अनोळखी जागेनं पिल्लू भांबावलं होतं. त्यानं त्यांचं मनगट तोंडात धरलं. जोरात नव्हे, पण धरलं.

बाई दचकल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, "हल्लु!"

पिल्लानं ताबडतोब तोंड उघडलं आणि खाली बसलं.

मग मला ऐकू आलं. कानडीत हल्लु म्हणजे दात. माझ्या आजीच्या तोंडून मी हा शब्द जन्मापासून ऐकत होते, आणि पडवीत पाच महिने ऐकूनही ओळखला नव्हता. पाजताना मूल चावलं की आई "हळू" नव्हती म्हणत, ती "दात" म्हणत होती.

"ह्याला हे कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं.

"त्यांना हा शब्द येतो?"

"शब्द येतो, अर्थ येत नाही. त्यांना वाटतं तुम्ही हळू म्हणत होता."

"आणि त्या दिवशी? उंबऱ्यात?"

"त्या दिवशीही."

बाई उठल्या. त्या दिवशी काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं, आवाज न चढवता. त्यांनी म्हटलं होतं, "हल्लु अल्ल." अल्ल म्हणजे नव्हे. दात नव्हेत. सगळं घर दात दात म्हणत होतं आणि त्यांना आतून कळत होतं की हे दात नव्हेत. दोन वर्षांत त्या मराठी शिकल्या होत्या, पण जीव घाबरला आणि तोंडातून आपली भाषा आली. त्यांनी दोनदा सांगितलं. नवरा "व्हय" म्हणाला आणि निघून गेला.

"मला वाटलं, त्यांना कळलं आहे आणि तरी ते जाताहेत," बाई म्हणाल्या.

मी म्हणाले, ते बाहेर आंब्याखाली उभे आहेत. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. माझ्या हातातली दोरी घेतली, खांबाला बांधली, आणि म्हणाल्या, "कुत्रं राहू दे." मग आत गेल्या. दार मात्र लावलं नाही.

मी रिकाम्या हातांनी परत आले तेव्हा आण्णांच्या तोंडावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन. "ठेवलं? खरंच ठेवलं?" दोनदा विचारलं. परतीच्या गाडीत ते पोरासारखे बोलत होते, की आता पावसाआधी पिल्लासाठी आडोसा करावा लागेल, फळ्या आपण पाठवू, फळ्या ती माघारी पाठवणार नाही.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं की नाही, हे मी आयुष्यभर ठरवू शकले नाही. तुम्हाला माझी सवय माहीत आहे, कागदाला दोन भाग पाडून दोन्ही बाजू लिहायची. हा कागद मी अनेकदा लिहिला आहे, आणि दोन्ही बाजू दर वेळी सारख्याच भरल्या. तेव्हा मात्र मला शंकाही आली नाही. खरं ते सांगावं, एवढंच मला शिकवलं होतं. मी सांगितलं. आधी हल्लुचा अर्थ, मग अल्लचा.

ते ऐकत राहिले. खिडकीबाहेर रान जात होतं.

"दोन शब्द व्हते?" त्यांनी विचारलं.

"हो. दोन."

"मला एकच ऐकू आला."



पिल्लू गेलं, तरी घरातल्या वस्तू त्यांनी खाली काढल्या नाहीत. आत्यानं वहाणा खाली ठेवल्या की ते पुन्हा खुंटीला लावत. लाकडावर ठोकणं बंद झालं. आठवड्यानं एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, मला कानडी शिकवा."

मी शाळेतून कानडीचं पहिलं पुस्तक आणि पाटी आणली. त्यांनी पुस्तक उघडू दिलं नाही. "आधी ते अल्ल दाखवा. कसं लिहित्यात?"

मी लिहिलं. त्यांनी गिरवलं. म्हणताना ते "अल" म्हणत.

"दोन ल आहेत, आण्णा. जोडून."

"दोन." त्यांनी पाटीच्या चौकटीवर बोट दोनदा टेकवलं. "अल्ल."

साठी उलटलेला माणूस रोज संध्याकाळी माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाचं पुस्तक घेऊन बसे. आत्याची थट्टा पहिल्या दोन दिवसांत संपली. मग तीच त्यांच्याशी मुद्दाम कानडीत बोले, पाणी हवं का, ऊन फार आहे, असली साधी वाक्यं, आणि चुकलं तर हसत नसे. आम्ही दोघी पूर्वी त्यांच्यादेखत जे बोलायचो त्याची आम्हाला लाज वाटायची, पण ते कधी एकमेकींना बोलून दाखवलं नाही.

उन्हाळ्यात माझी बेळगावला बदली झाली. पुस्तक अर्धं झालं होतं. सामान बैलगाडीत चढत असताना आण्णा एक कागद घेऊन आले.

"एक कानडी वाक्य लिहून द्या. वाचता यील असं, मराठी अक्षरात. मला ऐकू आलं न्हाय, असं."

मी लिहिलं. कागद घेऊन ते चार पावलं गेले आणि माघारी आले.

"ऐकू आलतं की. ते खोटं हुईल. कळलं न्हाय, असं लिहा."

मी खोडून लिहिलं, "ननगे तिळियलिल्ल." त्यांनी ते तीनदा वाचलं, घडी केली, बंडीच्या खिशात ठेवलं. मग गाडीला रीतसर टेकू लावून माझं टेबल चढवायला मदत केली.

"तुमी कवा जाणार गुंजीला?" आत्यानं विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "तोंडात बसू दे आधी."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. नवी शाळा, मग माझं लग्न, मग लढाई, अशात दीड वर्ष गेलं. एके दिवशी शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. गुंजीहून, कानडीत, कुणा शिकलेल्या माणसाच्या हातचं. बाईंनी सांगून लिहवून घेतलं असणार. तीन वाक्यं होती. यजमान गेल्या सोमवारी इथं वारले. चार दिवस आजारी होते. कळवा असं त्यांनी सांगितलं होतं.

ते गुंजीला कधी गेले, ते वाक्य त्यांना नीट म्हणता आलं का, त्यावर बाई काय म्हणाल्या, हे मला माहीत नाही. मी सांत्वनाचं पत्र लिहिलं, त्यात काही विचारलं नाही. पुढे एकदा रेल्वेनं जाताना गुंजीला डोकावून पाहिलं, तर त्या घराच्या जागी रेल्वेची खडी पडली होती. खानापूरचं घर तर त्याआधीच दुसऱ्यांचं झालं होतं. आण्णांचा फोटो कुणी काढलेला नाही. आत्याही आता नाही.

कार्ड माझ्याजवळ आहे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, तुमच्या आजोबांच्या पत्रांच्या खाली. शाई विटली आहे. पहिल्या ओळीत "इल्ली" हा शब्द आहे, म्हणजे इथं, आणि तो अजून वाचता येतो.